पडलेल्यावर हसण्याची घाई

आज सकाळपासून एकच व्हिडिओ वेगवेगळ्या मित्रांकडून येत आहे. धावण्याच्या शर्यतीत एक मुलगी अडखळते, उठते, पुन्हा पडते, आणि कोणीतरी त्यावर मागाहून हशा चिकटवला आहे. मैदानावरचे लोक हसत होते की हळहळत होते, हे कळायला आता मार्ग नाही. मुद्रित हशाची ही युक्ती अमेरिकी दूरचित्रवाणीवर 1950च्या दशकात चार्ल्स डग्लस या ध्वनितंत्रज्ञाने रूढ केली. पण निदान तेथे विनोद लेखकाने लिहिलेला असे आणि नट तो समजून-उमजून करत असे. या मुलीला कोणी विचारले?

माझी धाकटी बहीण शाळेच्या क्रीडास्पर्धेत अशीच पडली होती. फुटलेल्या गुडघ्याचे तिला काही वाटले नाही, परंतु समालोचन करणाऱ्या शिक्षकांनी ध्वनिक्षेपकावरून तिच्यावर कोटी केली आणि सारे मैदान हसले, ते तिला लागले. पुढच्या वर्षी तिने नावच दिले नाही.

यावर आपल्यापैकीच कोणी ‘विनोदबुद्धी हवी’ असे ऐकवले, की माझा संताप होतो. विनोदाला बुद्धी लागते, म्हणूनच तर हा प्रकार मला विनोद वाटत नाही. 1948 साली ‘शंकर्स वीकली’ सुरू झाले, तेव्हा खुद्द पंतप्रधान नेहरूंनी व्यंगचित्रकार शंकर यांना ‘मलाही सोडू नका’ असे सांगितले होते. सत्तेवर बसलेल्या माणसाला हसण्यात जोखीम असते; धुळीत पडलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुलीला हसण्यात कसली जोखीम आणि कसले कौशल्य?

मान्य आहे, 1991 च्या ओव्हल कसोटीत इंग्लंडचा दिग्गज क्रिकेटपटू इयन बोथम स्वतःच्याच यष्टींना लागून बाद झाला, तेव्हा रेडिओवरील समालोचकांना आवरेनासे झालेले हसू ऐकून मीही हसलो आहे. पण बोथम हा बोथम होता. माझ्या बहिणीपाशी त्या हशाला परतवण्यासारखे काहीच नव्हते.

सिडनी ऑलिंपिकमध्ये, 2000 साली, इक्वेटोरियल गिनीचा एरिक मुसांबानी 100 मीटर एकटाच पोहला, कारण त्याच्या फेरीतले दोघेही चुकीच्या प्रारंभामुळे बाद झाले होते. पोहायला शिकून त्याला वर्षही झाले नव्हते. शेवटच्या टप्प्यात तो बुडतो की काय असे वाटू लागले, आणि ज्या प्रेक्षकांत आधी हसू पसरले होते त्यांनीच टाळ्यांच्या गजरात त्याला काठापर्यंत नेले. त्याला 1 मिनिट 52.72 सेकंद लागले. पुढे तो आपल्या देशाच्या जलतरण संघाचा प्रशिक्षक झाला. हे आठवले की राग थोडा निवळतो, आणि वाटते, त्या दिवशी शाळेच्या मैदानावर एकाने जरी टाळी वाजवली असती, तर बहीण पुन्हा धावली असती.

माझ्या मित्रयादीत समालोचन आणि सूत्रसंचालन करणारे अनेक जण आहेत. मुलांच्या स्पर्धेत कोणी पडले, तर ते मूल उठेपर्यंत कृपया थांबा आणि मग त्याचे नाव घेऊन त्याला धीर द्या. कोटी सुचलीच, तर ती व्यासपीठावरच्या प्रमुख पाहुण्यांवर करून दाखवा.