रिकाम्या कपातला चहा

पालकांच्या गटांत फिरणारा संदेश असा: ‘तीन वर्षांनंतर भातुकली बंद करा, मुलांना खरं-खोटं कळेनासं होतं. कल्पनाशक्तीसाठी भरपूर शैक्षणिक खेळणी आणा. खेळताना शेजारी बसून चुका सुधारा.’

खरं-खोटं कळत नाही? दोन रिकामे कप घ्या. दोन्हींत लुटुपुटूचा चहा ओता. एक कप उपडा करून पुन्हा सरळ ठेवा आणि विचारा, ‘रिकामा कुठला?’ खरं तर दोन्ही रिकामेच. तरी दोन-अडीच वर्षांची मुलं बहुधा उपडा केलेलाच दाखवतात. मानसशास्त्रज्ञ ॲलन लेस्ली यांचा हा प्रयोग. नसलेल्या चहाचा हिशेब ठेवायचा, तर समोर दिसणारं आणि मानलेलं वेगळं ठेवावंच लागतं.

भरपूर खेळणी हा सल्ला तर उलटाच पडतो. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासात दीड ते अडीच वर्षांच्या मुलांना एकदा ४ आणि एकदा १६ खेळणी दिली. चारच असताना ती एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. तेव्हा चार-पाच बाहेर ठेवा, बाकीची डब्यात, आठवड्याने अदलाबदल. दोन वर्षांच्या मुलाला फोनसारखा दिसणारा फोन लागतो. चौथ्या वर्षी लाकडी ठोकळाही चालतो. मग ओढणी, पुठ्ठ्याचा खोका, करवंट्या पुरतात. पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शंख-शिंपले, खडे, पानं वापरून बालवाडी चालवली. (तीनच्या आत मात्र खडे-चिंचोके नकोत, नाकात, घशात जातात.)

‘भातुकलीने सर्जनशीलता वाढते हे सिद्ध झालंय’ असंही उत्तरादाखल पाठवू नका. मानसशास्त्रज्ञ ॲंजेलिन लिलार्ड आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासले. भातुकलीमुळेच सर्जनशीलता वाढते, याचा पुरावा त्यांना कच्चा वाटला. लुटुपुटूच्या खेळात मूल कल्पना वापरतं, एवढं मात्र डोळ्यांसमोर दिसतं.

राहिलं चुका सुधारणं. मूल वाढायचा डाव कानाला लावून बोलत असताना ‘अगं, तो डाव आहे’ म्हटलं की खेळ मोडतो. ‘रंग कोणता? किती कप?’ विचारलं की परीक्षा सुरू होते. त्याऐवजी ‘हॅलो, कोण बोलतंय?’ म्हणा आणि थांबा. दहा मिनिटं तर कोण आई, कोण डॉक्टर हे ठरवण्यातच जातात. सलग अर्धा-पाऊण तास द्या. चादरीचं घर जमलं तर रात्री आवरू नका, दुसऱ्या दिवशी खेळ तिथूनच पुढे सुरू होतो.