फोटो झाला, आता कामाला कधी येताय?

नॅकची, म्हणजे महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेची, तपासणी आली म्हटलं की आमच्या संस्थेचा फोन खणखणायला लागतो. "मॅडम, सामंजस्य करार करायचाय, उद्याच या." गेल्या चार वर्षांत पाच महाविद्यालयांशी करार झाले. शाल, नारळ, फ्लेक्स, फोटो. नंतर? कुणी फिरकलंसुद्धा नाही!

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी आम्ही हंगामात त्यांच्या कोप्यांवर, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांवर, संध्याकाळचा वर्ग चालवतो. परवा एका महाविद्यालयाच्या वीस मुली शिकवायला येणार होत्या. पोरं हातपाय धुऊन, चटया झाडून तासभर आधीच बसली. मुली आल्या, फ्लेक्स धरला, फोटो काढले, सरांनी हजेरीपत्रकावर माझी सही घेतली आणि चाळीस मिनिटांत बस निघाली. एक चिमुरडी पाटी घेऊन बसमागे धावली. तिला मी काय सांगायचं?

मुलींचा दोष नाहीच. त्यातल्या दोघी नंतर स्वतःच्या पैशानं एसटीनं आल्या. पण नव्या शैक्षणिक धोरणात समाजसहभागाला श्रेयांक (क्रेडिट) आहेत, राष्ट्रीय सेवा योजना तर १९६९ पासून आहे, वर्षाला १२० तासांची. हे तास जातात कुठे? कागदावर! प्राध्यापक प्रश्नावल्या भरून नेतात, शोधनिबंध छापतात. त्यातलं चार ओळींचं सार कोप्यांवर येऊन सांगायला काय होतं? तुम्हाला कशाची गरज आहे, हे एकदा तरी विचारलंत?

काल पुन्हा फोन आला. मी म्हटलं, सही नंतर. कोण, कुठल्या वारी, किती वाजता येणार, ते आधी लिहून पाठवा.