आधी कॉक बंद कर, मग बोल

विषय खरं तर ई-ट्वेंटीचा, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा होता. हल्ली अशोकस्तंभाजवळच्या आमच्या कट्ट्यावर कुंभमेळ्यासाठी खोदलेले रस्ते झाले की दुसरा नंबर त्याचाच लागतो. सरांनी मोबाइल नाचवत जाहीर केलं, "इथेनॉलनं रबर फुगतं. माझ्या गाडीतून पेट्रोलचा वास येतो तो त्यामुळेच. सरकारला पत्र लिहिणार आहे मी."

सर म्हणजे क्लासवाले. दहावीच्या पोरांना विज्ञान शिकवतात आणि उरलेलं आम्हाला.

"आमच्या निफाडच्या उसाला नावं ठेवायची नाहीत, भो," बबन्या म्हणाला. इथेनॉल उसापासूनही होतं आणि त्याचा दोन एकर ऊस आहे. बाकी त्याला पेट्रोलशी घेणंदेणं नाही.

फोरमन चहा पीत होता. सातपूरला मशीनवर आयुष्य गेलेला माणूस, घाईनं बोलत नाही. "सर, ई-ट्वेंटी आलं 2023 ला. तुझ्या पार्किंगमध्ये वास येतो ही सोसायटीची तक्रार कधीची आहे?"

सर गप्प.

"फुगत असेल रबर, जुन्या गाडीचं फुगतंही. पण रात्री गाडी लावताना पेट्रोलचा कॉक, ती टाकीखालची तोटी, बंद करतोस का?"

"कॉक कोण बंद करतं रे? त्या काळची जाहिरातच होती, फिल इट, शट इट, फर्गेट इट!"

"ते टाकीच्या झाकणाबद्दल होतं. तू डोकंच शट केलंस."

पिंट्याच्या नाकातून चहा आला. त्याची गाडी नवीन, त्यामुळे त्याला हे सगळं पुराणातलं वाटतं. "काका, माझ्या गाडीला कॉकच नाहीये."

"असणार कसा? 2020 च्या एप्रिलनंतरची, प्रदूषणाच्या बीएस सिक्स नियमातली, इंजेक्शनवाली. पंप टाकीतच, चावी बंद की पंप बंद. याच्या गाडीत टाकी वर, कार्बोरेटर खाली, पेट्रोल आपल्या वजनानं उतरतं. कार्बोरेटरच्या वाटीत फ्लोट असतो, वाटी भरली की तो वर येतो आणि एक बारकी सुई वाट बंद करते. त्या सुईच्या टोकाखाली कचऱ्याचा एक कण अडकला की संपलं. रात्रभर टिपटिप. नशीब असेल तर ओव्हरफ्लोच्या नळीतून खाली सांडतं. नसेल तर इंजिनात उतरतं आणि ऑइल पातळ होतं. सर, तुझ्या ऑइलची कांडी काढून वास घे एकदा."

"मी विज्ञानाचा माणूस आहे," सर म्हणाले. "कॉक सारखा फिरवला की वायसर झिजतो. शिवाय रिझर्व्हची टाकी वेगळी असते, तिचं प्रेशर..."

इथे फोरमननं ग्लास खाली ठेवला. मला तेव्हाच कळलं, आता सरांचं काही खरं नाही.

"रिझर्व्हची टाकी कुठंय? दाखव. टाकी एकच, आत नळ्या दोन. ऑनची उंच, रिझर्व्हची तळाशी. पेट्रोल उंच नळीच्या खाली गेलं की गाडी आचके देते, मग आपण कॉक फिरवतो. दहावीच्या पोरांना हेच शिकवतोस का रे? फी परत कर त्यांची."

"म्हणून तर पूर्वी गाडी आडवी करायचे," मी मध्ये तोंड घातलं. टाकी फ्रेमवर घोड्यावर बसल्यासारखी बसते, कॉक एकाच बाजूला, म्हणून पलीकडच्या कप्प्यातलं पेट्रोल तसंच राहतं. गाडी कॉकच्या बाजूला आडवी करायची आणि टाकीत तोंड घालून फुंकर मारायची. पेट्रोल पंप येईपर्यंत तेवढं पुरायचं. पिंट्या माझ्याकडे म्युझियममधल्या वस्तूकडे बघावं तसा बघत होता.

"रिझर्व्हचा विषय निघालाच आहे तर," फोरमनचा आवाज बदलला, "वणीला माझी गाडी नेली होतीस ती आठवते?"

"झालं सुरू," बबन्या म्हणाला.

"परत दिलीस तेव्हा कॉक रिझर्व्हवर. सांगितलं नाहीस. काटा नव्हता त्या गाडीला. मी ऑनवर आहे समजून नाइट शिफ्टला निघालो. एबीबी सर्कलला गाडी बंद. फिरवायला गेलो तर आधीच फिरवलेला! सातपूरपर्यंत ढकलत नेली."

"देवीचं दर्शन घेऊन आलो होतो, प्रसाद दिला ना तुला?"

"प्रसादावर गाडी चालत नाही."

सर चिडले. मुद्दा सुटला की ते दुसरा पकडतात. "आणि म्हणे कॉक बंद केला की चोरी होत नाही! चोराला माहीत असतं सगळं."

"चोराला माहीत असतं, तुला नसतं. एवढाच फरक."

"माझा कॉक एकदम ओके आहे! आत्ता फिरवून दाखवतो."

"नको," फोरमन म्हणाला. "वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक असा फिरवायचा नसतो. आतलं रबर वाळून चिकटलेलं असतं. झिजण्याचं काय सांगतोस, वापरला नाही म्हणूनच तो..."

पण सर वाकले होते. दांडी हलेना. मग चहावाल्या मामाची पक्कड आली. कट् असा आवाज झाला आणि दांडीच्या बाजूनं पेट्रोलची बारीक धार सुरू झाली.

"बबन्या, विडी विझव!" पाच-सहा जण एकदम ओरडले. मामा स्टोव्ह बंद करून शिव्या देत बाहेर आले. आम्ही गाडी उचलून पार पलीकडच्या फुटपाथवर नेली. सर बोटानं धार दाबायचा प्रयत्न करत होते, आणि ती बोटाच्या दोन्ही बाजूंनी येत होती.

फोरमननं शांतपणे पाण्याची रिकामी बाटली घेतली आणि खाली धरली. ती भरली. दुसरी मागवली.

"अरे, माझं पेट्रोल आहे ते," सर कळवळले.

"वणीचं," फोरमन म्हणाला. "अजून अर्धा लिटर येणं आहे. व्याज धरलेलं नाही."

बबन्या हसताहसता फुटपाथवरच बसला. "आणि त्यात वीस टक्के माझं आहे!"