गॅस पोर्टला ड्रिल लावायच्या आधी हे वाचा

गेले दोन-तीन आठवडे एक मेसेज नेमबाजीच्या प्रत्येक ग्रुपमध्ये फिरतोय. वर लिहिलंय "४० वर्षांचा अनुभव असलेल्या नेमबाजाचा सल्ला" आणि खाली नाव कुणाचंच नाही. मी दोनदा न वाचताच सोडून दिला होता. पण परवा रात्री साडेदहाला भाच्याचा फोन आला, "मामा, तुमच्याकडे बारीक ड्रिल बिटचा सेट आहे ना?" कशाला म्हणून विचारलं तर म्हणाला, गनच्या गॅस पोर्टला. माझ्या पोटात गोळा आला. म्हणून आता बसून लिहितोय, आणि जरा चिडूनच लिहितोय.

मेसेजमध्ये काय आहे ते आधी सांगतो, म्हणजे ज्यांच्याकडे आला नाही त्यांनाही कळेल. स्वस्त सेमी-ऑटो शॉटगन (दर बारानंतर पुढचं काडतूस आपोआप भरणारी छर्ऱ्यांची बंदूक) स्पर्धेच्या लायकीची नसतेच, जिंकायचं तर महागडी ओव्हर-अंडरच (एकावर एक दोन नळ्यांची) हवी. तरी घेतलीच असेल तर घरच्या घरी हे करा: हलकी काडतुसं अडकत असतील तर गॅस पोर्ट ड्रिलने मोठे करा, ट्रिगर हलका करायला सिअर कानशीने घासा, सगळ्यात लांब बॅरल (नळी) घ्या, चोक (नळीच्या टोकाची आवळण) कायम फुल ठेवा, मॅगझिन एक्स्टेंशन (जास्त काडतुसं बसावीत म्हणून जोडायची नळी) लावा आणि गनला वजनं बांधा म्हणजे धक्का कमी बसेल, जड काडतुसं वापरा, आणि स्टॉकच्या (खांद्याला टेकायच्या दस्त्याच्या) मापाच्या नादी लागू नका, सवयीने सगळं जमतं.

सुरुवात ड्रिलपासूनच करतो, कारण बाकीच्या चुका सुधारता येतात, ही नाही.

गॅसवर चालणाऱ्या सेमी-ऑटोमध्ये बॅरलच्या खालच्या बाजूला एक-दोन बारीक भोकं असतात, तेच गॅस पोर्ट. बार उडाला की छर्रे पुढे जाताना त्या भोकातून थोडा गॅस खाली येतो, पिस्टनला ढकलतो, पिस्टन बोल्टला (काडतुसामागे बंद होणाऱ्या लोखंडी भागाला) मागे नेतो, रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि पुढचं आत येतं. भोक किती मोठं ठेवायचं हे बनवणाऱ्याने बॅरलची लांबी, पिस्टन, स्प्रिंग आणि काडतुसांची रेंज हे सगळं धरून ठरवलेलं असतं. तुम्ही ते मोठं केलंत की हलकं काडतूस कदाचित चालेलही, आणि तिथेच माणूस फसतो. कारण पुढच्या वेळी त्याच गनमध्ये नेहमीचं काडतूस गेलं की बोल्ट गरजेपेक्षा कितीतरी जोरात मागे आपटतो, दर बाराला आपटतो, आणि हळूहळू रिसीव्हरचा (बोल्ट ज्यात सरकतो त्या मधल्या सांगाड्याचा) मागचा भाग, बोल्टचे भाग, एक्स्ट्रॅक्टर (रिकामं काडतूस ओढून काढणारा आकडा) सगळं मार खायला लागतं. काढलेलं लोखंड परत भरता येत नाही, नवी बॅरलच घ्यावी लागते. म्हणजे पैसे वाचवायला घेतलेल्या गनवर सगळ्यात महाग पार्टचा खर्च.

आणि हलकी काडतुसं अडकण्याचं कारण बहुतेक वेळा भोक नसतंच हो. भाच्याला म्हटलं, ड्रिल राहू दे, गन घेऊन ये. टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरून पुढची टोपी काढली, फोरएंड (नळीखाली हाताने धरायचा भाग) काढला, बॅरल बाजूला ठेवली. पिस्टनवर कार्बनचा थर एवढा की नखाने खरवडला तर पापुद्रा निघाला. मॅगझिन ट्यूबवर तेल आणि काजळीचा चिकट राप. आणि तिथे एक काळी रबरी रिंग असायला हवी, गॅस गळू नये म्हणून, ती एका जागी चिरलेली, बोटात धरून ताणली तर चीर उघडी पडली. (सगळ्याच गॅस गनमध्ये अशी रिंग नसते, ज्यांच्यात असते त्यांनी आधी तीच बघायची.) गॅस तिथूनच निसटत होता. रिंग बदलली, पिस्टन आणि ट्यूब घासून कोरडी पुसली, भोकांमधली काजळी मऊ ब्रशने आणि सॉल्व्हंटने काढली, भोकाच्या मापाला हात न लावता. दुसऱ्या दिवशी रेंजवर २४ ग्रॅम छर्ऱ्यांची ५० काडतुसं, एकही अडकलं नाही. अर्ध्या तासाचं काम, त्यासाठी हा पोरगा बॅरलला ड्रिल लावणार होता!

गन अगदी नवी असेल तर अजून एक गोष्ट. नव्या स्प्रिंगा ताठ असतात, भाग एकमेकांवर बसलेले नसतात, त्यामुळे सुरुवातीला हलकं काडतूस नाटकं करतं. मॅन्युअल वाचा, बरेच जण आधी थोडी जरा भारी काडतुसं चालवायला सांगतात. तेवढा धीर धरा.

आता सिअर घासणं. याला मी चूक म्हणणार नाही, हा जिवाशी खेळ आहे.

सिअर म्हणजे मागे ओढलेला हॅमर अडवून धरणारी कड. ती कड आणि हॅमरची खाच यांची पकड किती खोल आणि कोणत्या कोनात, यावर सगळी सुरक्षितता टिकून असते. त्या भागांना बऱ्याचदा वरून कडकपणा दिलेला असतो, कानशीने घासलं की तो कडक थर जातो आणि खालचा मऊ धातू उघडा पडतो. म्हणून पहिल्या दिवशी ट्रिगर लोण्यासारखा लागतो, तुम्ही खूश, ग्रुपवर फोटो टाकता, आणि काही बारांनंतर पकड स्वतःच झिजून एवढीशी उरते. आता सेमी-ऑटो आहे हे लक्षात घ्या. बोल्ट प्रत्येक बारानंतर जोरात पुढे येऊन बंद होतो. त्या हादऱ्याने पकड सुटली तर ट्रिगरला बोट न लावता दुसरा बार उडतो, आणि त्या क्षणी पहिल्या धक्क्याने नळी कुठे गेलेली असेल ते तुम्हीच विचार करा. सेफ्टी लावलेली असते ना, असं म्हणणाऱ्यांसाठी: बहुतेक शॉटगनची आडव्या बटणाची सेफ्टी फक्त ट्रिगर अडवते, हॅमर नाही. सिअर निसटला तर सेफ्टी काहीही करू शकत नाही.

ट्रिगर खरंच दगडासारखा असेल तर तुमच्या मॉडेलसाठी बनवलेला तयार ट्रिगर ग्रुप मिळतो का बघा, नाहीतर गनस्मिथकडे द्या जो काम झाल्यावर डमी काडतुसं घालून, बोल्ट आपटून तपासून देईल. आणि हत्यारात कोणताही बदल करायच्या आधी आपल्याकडचा कायदा काय म्हणतो ते बघा, हेही त्या मेसेजमध्ये एका शब्दाने नाही. क्लेवर (हवेत फेकलेल्या तबकड्यांवर) चालत्या टार्गेटला नेम धरताना ट्रिगर थोडा जड असल्याने जेवढं नुकसान होतं त्याच्या दहापट नुकसान डोकं स्टॉकवरून उचलल्याने होतं. त्यावर पुढे येतो.

"सेमी-ऑटो स्पर्धेच्या लायकीची नाही" या वाक्यासाठी मला फार बोलायची गरज नाही, आयएसएसएफचं (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचं) नियमपुस्तक बोलतं. १२ गेज (गेज म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचं माप) किंवा त्याहून लहान बोअरच्या सगळ्या प्रकारच्या शॉटगन चालतात, सेमी-ऑटोसकट. बंदी आहे ती पंप-अ‍ॅक्शनला (दर बारानंतर हाताने पुढे-मागे ओढून भरायच्या गनला). सेमी-ऑटोला अट एवढीच की मॅगझिन ब्लॉक केलेलं हवं, त्यात एकापेक्षा जास्त काडतूस बसता कामा नये. आणि याच एका ओळीत मॅगझिन एक्स्टेंशनचा मुद्दाही निकालात निघतो, ट्रॅप-स्कीटसाठी (तबकड्या फोडायच्या या दोन स्पर्धांसाठी) त्याचा उपयोग शून्य. त्याच पुस्तकात काडतुसाची मर्यादाही दिलेली आहे, छर्ऱ्यांचं वजन २४.५ ग्रॅमच्या वर नाही, छर्ऱ्याचा व्यास साधारण २.६ मिमीच्या वर नाही. म्हणजे "जड काडतुसं वापरा" हा सल्ला ऐकून तुम्ही आंतरराष्ट्रीय नियमांच्या मॅचला गेलात तर गोळी झाडायच्या आधीच बाहेर. ज्याने हा मेसेज लिहिला त्याने ते पुस्तक उघडलेलं नाही हे इथेच कळतं.

आता जे खरं आहे ते मान्य करतो, जिवावर येतंय तरी. ऑलिंपिक ट्रॅप आणि स्कीटमध्ये वरच्या पातळीवर ओव्हर-अंडरच दिसतात, आणि त्याला कारण आहे. दोन बॅरल म्हणजे दोन वेगळे चोक, ट्रॅपमध्ये पहिला बार जवळ आणि दुसरा लांब पडतो तेव्हा त्याचा फायदा होतो. हलणारे भाग कमी, अडकायची भीती कमी, आणि गन उघडी आहे हे लांबूनही सगळ्यांना दिसतं. वर्षानुवर्षं लाखाने बार काढायचे असतील तर चांगली ओव्हर-अंडर टिकतेही जास्त. पण हे वरच्या पायरीबद्दल झालं. २५ पैकी १४ फोडणाऱ्याला १९ वर जायला गन आडवी येत नसते. सेमी-ऑटोला धक्का कमी जाणवतो, विशेषतः गॅसवाल्यांना, त्यामुळे नवीन माणूस, लहान चणीची मुलं-मुली दिवसभर सराव करू शकतात. रेमिंग्टन ११०० तर १९६३ पासून क्लेच्या रेंजवर आहे. आणि आयपीएससी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या प्रॅक्टिकल शॉटगनमध्ये (घड्याळ लावून, जागा बदलत केलेल्या नेमबाजीत) तर सेमी-ऑटोचंच राज्य आहे, तिथे एक्स्टेंशन, रुंद केलेला लोडिंग पोर्ट, मोठं बोल्ट हँडल या गोष्टींना खरंच अर्थ आहे, कारण तिथे काडतुसं भरण्यात सेकंद जातात. फक्त कोणत्या डिव्हिजनला काय चालतं ते आधी बघा, ऑप्टिक (काचेची साइट) लावलंत की तुम्ही थेट ओपन डिव्हिजनमध्ये. म्हणून गन घ्यायच्या आधी खेळ ठरवा. मेसेजवाल्याने दोन वेगळ्या खेळांची खिचडी केलीय.

वजनं बांधण्याबद्दल. जड गनला धक्का कमी, हे अर्धं खरं. गॅसवाल्या गनला थोडं वजन चालून जातं. पण स्वस्तातल्या बऱ्याच सेमी-ऑटो इनर्शियावर (जडत्वावर) चालतात, आणि तिथे हा सल्ला उलटा पडतो. इनर्शिया गनमध्ये बार उडाला की गन मागे सरकते आणि बोल्टचा जड भाग जागेवर राहायला बघतो, त्या दोघांमधली स्प्रिंग दाबली जाते आणि तीच नंतर बोल्टला मागे फेकते. म्हणजे गन झटकन मागे सरकणं हेच तिचं इंजिन. तुम्ही एक्स्टेंशन, ट्यूबमध्ये वजन, बाजूला काडतुसांचा कॅरियर असं सगळं लटकवलंत की गन हळू सरकते, स्प्रिंग कमी दाबली जाते आणि २४ ग्रॅमचं काडतूस अर्ध्यात अडकतं. मग तोच माणूस म्हणतो स्वस्त गन वाईट! धक्का कमी हवाय तर काडतूस हलकं घ्या, २८ वरून २४ ग्रॅमवर आलात की छर्ऱ्यांचं वजनच सातव्या हिश्शाने कमी होतं. मात्र तुमची इनर्शिया गन २४ ग्रॅम नीट चालवते का हे घेण्याआधी, निदान दोन डबे उडवून, बघा.

लांब बॅरल आणि फुल चोक पटकन उरकतो. शॉटगनची पावडर लवकर जळते, त्यामुळे बॅरल दोन-चार इंच वाढवून वेगात मिळतं ते नगण्य. लांब बॅरल घ्यायची ती स्विंग (टार्गेटमागे गन फिरवणं) संथ आणि सरळ राहावा म्हणून. त्यात सेमी-ऑटोचा रिसीव्हर आधीच लांब, २८ इंची सेमी-ऑटो एकूण लांबीला ३० इंची ओव्हर-अंडरच्या आसपास किंवा वरच जाते. फुल चोक म्हणजे ४० यार्डावर ३० इंची वर्तुळात साधारण ७० टक्के छर्रे, लांबच्या ट्रॅप टार्गेटला ठीक. पण स्कीटला टार्गेट २० मीटरच्या आसपास मारायचं असतं, तिथे फुलचा पसारा जेमतेम ४० सेंटिमीटर. ११ सेंटिमीटरची तबकडी उडत असताना कशाला स्वतःचं काम अवघड करायचं? स्कीट किंवा इंप्रूव्ह्ड सिलिंडर हे मोकळे चोक लावा.

शेवटचा मुद्दा, "स्टॉकच्या मापाच्या नादी लागू नका." ज्या एका गोष्टीत स्वस्त सेमी-ऑटो घेणाऱ्याला जवळपास फुकटात सगळ्यात जास्त फायदा होतो तीच सोडायला सांगितलीय. शॉटगनला मागची साइट नसते, तुमचा डोळाच मागची साइट. गाल कुठे टेकतो त्यावर बार कुठे जाणार हे ठरतं. हिशोब सोपा आहे: डोळ्यापासून नळीच्या टोकापर्यंत साधारण एक यार्ड, त्यामुळे १६ यार्डावर फरक सोळापट होतो. गालाखालचा कॉम्ब (स्टॉकची वरची कड) १/१६ इंच वर केला की पॅटर्न (छर्ऱ्यांचा ठसा) १ इंच वर. बऱ्याच सेमी-ऑटोबरोबर स्टॉक आणि रिसीव्हरच्या मध्ये घालायच्या शिम (पातळ चकत्या) येतात, त्या डब्यातच पडून असतात, कुणी हातही लावत नाही.

भाच्याच्या गनचं हेच झालं. ५० बार न अडकता गेले हे खरं, पण तबकड्या फुटत नव्हत्या. मग मोठा कागद लावला, १६ यार्डावरून मधल्या ठिपक्यावर पाच बार, नेम न धरता, नुसती गन खांद्याला लावून. पॅटर्नचा मध्य ठिपक्याच्या चार इंच खाली. कॉम्बवर पट्टीचे थर चिकटवत गेलो, एक थर, दोन बार, कागद बघायचा, परत एक थर. पाव इंच चढल्यावर मध्य ठिपक्यावर आला. त्या जागी आता शिम बदलून पट्टी काढायची आहे, ते या रविवारी करू. बॅरलला ड्रिल लावलं असतं तर हे चार इंच तसेच खाली राहिले असते.

ड्रिल बिटचा सेट मी गाडीत ठेवलाय. त्याच्या हाती लागणार नाही.