पोर्तुगालला जाता? नारळ घ्या

फोंड्यात कोणालाही सांगून बघा की आम्ही पोर्तुगालला चाललोय. जपानला म्हटलं असतं तर लोक 'वा' म्हणाले असते. पोर्तुगाल म्हटल्यावर समोरचा आवाज खाली आणून विचारतो, "तुमीय चल्ले?" म्हणजे लिस्बनला जन्मनोंदणी झाली, पासपोर्ट आला, आता कुठल्या देशात कामाला लागणार, एवढंच त्याला ऐकायचं असतं. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना ती वाट मोकळी आहे, हे खरं. पण आम्ही नुसते फिरायला चाललो होतो. परतीचं तिकीट दाखवलं की संशय आणखी वाढतो.

शेजारचे आबा पणजीच्या लिसेवमध्ये, म्हणजे पोर्तुगीज अमदानीतल्या शाळेत शिकलेले. विषय निघताच ते ताठ बसले आणि मिन्यो, दोरु, मोंदेगु, तेजु अशा पोर्तुगालच्या नद्या उत्तरेकडून दक्षिणेकडे एका दमात म्हणून दाखवल्या. मांडवी कुठे उगम पावते विचारलं, तर म्हणाले, "ती काय, इथलीच!" नद्या संपल्यावर सल्ला आला : खिशात सुटे इश्कुद ठेवा. 2002 पासून तिथे खिशात युरोच असतो, हे मी त्यांना सांगितलं नाही. एखाद्याचं चलन रातोरात रद्द झालं की कसं वाटतं, ते आपण भोगलंय.

खरा प्रसंग बॅग भरताना आला. आईने पहिल्याच झटक्यात पेढे, तूप आणि मानकुराद आंबे आत ठेवले. मागोमाग पलीकडच्या मारियाबाय लिस्बनच्या लेकासाठी चोरिसांची, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजची, माळ घेऊन हजर. सगळं बाद! युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, आणि आंब्याला रोग नसल्याचा सरकारी दाखला लागतो. आईचं तोंड उतरलं. मग मी नियमाचा पुढचा भाग वाचून दाखवला. अननस, केळी, खजूर, ड्युरियन आणि नारळ यांना दाखला लागत नाही. शिवाय स्वतःला खाण्यापुरती मासळी, सुकीसुद्धा, माणशी 20 किलोपर्यंत नेता येते. केळी, नारळ आणि सुकी मासळी! हा नियम ब्रुसेल्सला बसून कोणीतरी गोंयकारानेच लिहिलाय, याबद्दल आमच्या घरात आता दुमत नाही.

"खोबरं?" आईने विचारलं.

"सुकं नको. तेलकट असतं, आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात मनाई आहे. ओला नारळ चालेल."

"मग खवणार कशावर?"

तिची नजर आदोळीकडे, म्हणजे नारळ खवायच्या विळीकडे गेली. आमच्या हिची नजर वजनकाट्याकडे गेली. मी खिडकीबाहेर बघितलं.

अखेर सुकी सुंगटं (कोळंबी) तेवढी गेली, पिशवीत पिशवी, तिच्यात आणखी एक पिशवी अशी बांधून. तरी लिस्बनच्या विमानतळावर पट्ट्यावरून बॅग यायच्या आधी वास आला, असं ही अजून सांगते.

बाकी कामाचं भराभर सांगतो. प्रवासविमा किमान 30,000 युरोचा लागतो. शेंगेन भागातून, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांतून, निघायच्या तारखेनंतरही पासपोर्टची तीन महिने मुदत शिल्लक हवी. आपला तीन पिनांचा प्लग तिथल्या भोकात शिरत नाही. नळाचं पाणी बिनधास्त प्या. आणीबाणीचा नंबर 112, म्हणजे आपलाच. उन्हाळ्यात लिस्बन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, त्यामुळे मावशीचा सकाळी सातचा फोन तिथे रात्री अडीचला खणखणतो. मावशीला हे समजावण्यापेक्षा फोन बंद ठेवणं सोपं. पदपथ चुनखडीच्या बारक्या दगडांचे, झिजून गुळगुळीत झालेले, आणि गाव सगळं चढउताराचं. नव्या कोऱ्या चामडी सपाता घरीच ठेवा. 28 नंबरची पिवळी ट्राम फोटोत झकास दिसते. आत मात्र म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जो हात पाकिटावर असतो, तो तिथेही हलवू नका.

हॉटेलात जास्त जपा. टेकतो न टेकतो तोच वेटर पाव, लोणी, चीज आणि ऑलिव्ह समोर मांडतो. कोणी मागितलेलं नसतं. आपण मासळीच्या थाळीवर वाढलेली माणसं. सोलकढी, किसमूर, लोणचं, जे न मागता येतं ते थाळीतच धरलेलं, हा आपला हिशेब. तिथे खाल्लं की बिलात चढतं. हात लावला नाही तर पैसे नाहीत, नको म्हटलं तर तो निमूट उचलून नेतो. मी हे समजावेपर्यंत आईच्या बशीत चार बिया जमल्या होत्या.

"बिया मोजून पैसे घेतो की काय?" असं म्हणून तिने त्या टिपकागदात गुंडाळून पर्समध्ये टाकल्या.

त्यात तो सोमवार. तिने यादीतलं हिरवं सूप निवडलं, कल्दु वेर्द. बटाटा आणि बारीक चिरलेला पाला. दिसायला इतकं सात्त्विक की नैवेद्याला ठेवावं. पहिला चमचा घालताच तळातून चोरिसाची लालभडक चकती वर आली. मी वेटरला खुणेने आणि आबांच्या उसन्या पोर्तुगीजमध्ये अडचण सांगितली. त्याने अगदी मनापासून मान डोलावली, चमच्याने चकती उचलून बशीत ठेवली आणि वाटी पुन्हा आईपुढे सरकवली : घ्या, झालं शाकाहारी!

आईने वाटी माझ्याकडे ढकलली. सोमवार तिचा होता, माझा नव्हता. बशीतली चकतीही मीच खाल्ली.