'कॉम्प्युटर शिकवू नका' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला बडोद्यातल्या चार मराठी ग्रुपांवर आला. त्याचा सारांश असा: कोडिंग आता एआय करतो, पाच वर्षांत प्रोग्रॅमर औषधालाही उरणार नाही, मुलांना कॉम्प्युटर शाखेत घालू नका. गणित आणि निबंधांत वेळ घालवू नका, मोबाइल सगळं सांगतो. आणि क्वांटम कॉम्प्युटर आला की आजचे कॉम्प्युटर भंगारात. परवा भाऊजींनी तो वाचला आणि भाचीला म्हणाले, कॉम्प्युटरचा फॉर्म भरू नकोस. म्हणून लिहायला बसलो.

कोडिंगपासून सुरुवात करतो, कारण ते माझं रोजचं काम आहे. मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत बावीस वर्षं मी सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या आज्ञेवर धातू कापणाऱ्या मशीनचे प्रोग्रॅम करतोय. कॅम सॉफ्टवेअर आलं तेव्हाही हेच ऐकलं होतं की ड्रॉइंग आत टाका, जी-कोड (मशीनच्या आज्ञा) बाहेर, माणूस कशाला? कोड खरंच बाहेर येतो. पण पहिला पीस कुणी डोळे झाकून काढत नाही. मागच्या महिन्यात मी एआयकडून फेसिंगचा, म्हणजे फिरत्या तुकड्याचं तोंड सपाट कापायचा, प्रोग्रॅम लिहून घेतला. दिसायला सुरेख होता. त्यात जी९६ होता, म्हणजे कापण्याचा वेग कायम ठेवायची आज्ञा. टूल मध्याकडे सरकलं की व्यास घटतो आणि तो वेग राखायला स्पिंडल, म्हणजे तुकडा फिरवणारा दांडा, अधिकाधिक जोरात फिरू लागतो. म्हणून आधी जी५० लिहून कमाल आरपीएम (मिनिटाचे फेरे) बांधावी लागते. ती ओळच नव्हती! चकच्या पकडीत जड, जरा एका बाजूला झुकणारा तुकडा असता तर तो सुटून ऑपरेटरच्या अंगावर येऊ शकला असता. नसलेली ओळ मला दिसली, कारण तशा शेकडो ओळी मी स्वतःच्या हातानं लिहिल्यात. कधीच न लिहिणाऱ्याला ती कशी दिसणार?

हा माझ्या एकट्याचा अनुभव म्हणून सोडून देऊ नका. मेटर या अमेरिकन संस्थेनं २०२५ मध्ये १६ अनुभवी प्रोग्रॅमरांना २४६ कामं दिली, काही एआय वापरून करायची, काही त्याशिवाय. एआय घेतल्यावर वेळ १९ टक्के जास्त लागला. त्यांना मात्र वाटत होतं, आपण २० टक्के लवकर उरकलं. साधनं सुधारतायत, आकडा बदलेल. पण वाटणं आणि घड्याळ यांत एवढी तफावत असेल, तर ऐकीव उत्साहावर मुलीची शाखा ठरवू नये.

'पाच वर्षांत' हेही नवीन नाही. एआयचे आद्य संशोधक जेफ्री हिंटन २०१६ मध्ये म्हणाले होते की रेडिओलॉजिस्ट घडवणं आता थांबवा, पाच वर्षांत यंत्र त्यांच्यापेक्षा चांगलं वाचेल. ती मुदत २०२१ मध्येच संपली. एक्स-रे वाचणारे डॉक्टर अजून हवेच आहेत.

नोकऱ्यांवर काहीच परिणाम नाही असं मात्र मी म्हणणार नाही. टीसीएसनं जुलै २०२५ मध्ये सुमारे २ टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसं कमी करण्याचं जाहीर केलं. सांगितलं तेवढंच टाइप करणाऱ्याची जागा आकसतेय. याचं उत्तर कमी शिकणं कसं असेल?

मेसेजमधला मला सगळ्यात घातक वाटतो तो गणिताचा सल्ला. तुर्कस्तानात सुमारे हजार शाळकरी मुलांवर एक प्रयोग झाला. गणिताच्या सरावाला ज्यांच्या हाती साधा चॅटबॉट दिला, त्यांचे सरावातले गुण ४८ टक्क्यांनी वाढले. मग तो काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा तीच मुलं ज्यांना तो मिळालाच नव्हता त्यांच्यापेक्षा १७ टक्के मागे पडली. तिसऱ्या गटाच्या चॅटबॉटला उत्तर न देता फक्त इशारे द्यायला बांधलं होतं. त्या मुलांचं हे नुकसान जवळजवळ झालं नाही. म्हणजे यंत्र घरात असायला हरकत नाही, पण गणित मुलानंच सोडवलं पाहिजे.

आणि हा सल्ला बडोद्यात फिरावा याचं मला फार वाईट वाटतं. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची शाळा उघडली. युरोपातल्या कारखान्यांचे कृत्रिम रंग आपल्या रंगाऱ्यांच्या पोटावर येत होते, तो हा काळ. कलाभवन उभं करणारे त्रिभुवनदास गज्जर रसायनाचे प्राध्यापक. रंगाऱ्याच्या पोरानं रंगकाम सोडावं असं त्यांनी सांगितलं नाही, रंगांचं रसायन शिकवायची सोय केली. आज तिथेच सयाजीराव विद्यापीठाची अभियांत्रिकी शाखा आहे.

क्वांटमबद्दल थोडक्यात. गूगलच्या डिसेंबर २०२४ च्या विलो या क्वांटम चिपमध्ये १०५ क्युबिट (क्वांटम कॉम्प्युटरचे माहितीचे एकक) आहेत, आणि ती चालवायला, तिची उत्तरं वाचायला साधे कॉम्प्युटरच लागतात. ही यंत्रं काही ठरावीक गणितांपुरती आहेत. जीएसटीचं रिटर्न त्यावर कुणी भरणार नाही.

भाऊजी, फॉर्म भरू द्या तिला. शनिवारी तिला घेऊन शॉपवर या. तो प्रोग्रॅम मी तसाच ठेवलाय, जी५० कुठे हवा ते तिलाच शोधू द्या.