‘हात लावू नये’ आणि इतर फोल्डर

ऑफिसचा सगळा डेटा जुन्या सर्व्हरवरून उचलून शेअरपॉइंटवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या फाइल-कपाटात, न्यायचं ठरलं की पहिली मीटिंग फार उत्साहात होते. इमारतीच्या पुनर्विकासाचंही तसंच असतं. टॉवर सगळ्यांना हवा, पण खोली रिकामी करायची म्हटली की दादरपासून दहिसरपर्यंत प्रत्येकाची काही ना काही अडचण. ‘माझं फोल्डर आहे तसं न्या, बाकीच्यांचं काय ते बघा’ असं त्या मीटिंगमधला प्रत्येक जण म्हणतो.

माझं मत विचाराल, तर या कामात कॉम्प्युटरचा वाटा थोडा. फाइल इकडून तिकडे न्यायला सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे. ती न्यायची की नाही हे सांगणारा माणूस मात्र सापडत नाही.

सुरुवात यादीपासून होते. प्रत्येक फाइलचा पूर्ण पत्ता, आकार, शेवटचा बदल आणि मालक एवढं एक्सेलमध्ये काढायचं. इथेच पहिला दणका बसतो. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात आणि ऑफिसची यादी तिथे संपत नाही. मालकाच्या रकान्यात अर्ध्या ठिकाणी नावाऐवजी ‘एस-१-५’ने सुरू होणारा लांबलचक आकडा दिसतो. म्हणजे तो माणूस नोकरी सोडून गेला, त्याचं खातं काढून टाकलं, फाइली तेवढ्या राहिल्या. ‘साहेबांचं – हात लावू नये’ असं एक फोल्डर हमखास असतं. साहेब केव्हाच रिटायर झालेत, पण हात अजून कोणी लावलेला नाही.

पुसायचं नाव काढलं की अकाउंट्सवाले कायदा काढतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. कंपनी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तकं ८ वर्षं ठेवावी लागतात, आणि जीएसटीचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने. फक्त अलिबागच्या सहलीचे फोटो यातल्या कुठल्या कलमात बसतात, ते एकदा सांगा.

पुढचा गुंता पत्त्याच्या लांबीचा. शेअरपॉइंटवर फोल्डर, उपफोल्डर आणि फाइलचं नाव मिळून ४०० अक्षरांची मर्यादा आहे. चारशे म्हणजे पुष्कळ, असं वाटतं. पण आपल्या लिपीत मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. नुसता ‘श्री’ चार अक्षरं खातो. त्यात ‘सर्वसाधारण पत्रव्यवहार’च्या पोटात ‘पत्रव्यवहार इतर’, त्याच्या पोटात ‘इतर संकीर्ण’ आणि त्यात जुन्या पेन ड्राइव्हचा अख्खा बॅकअप. हे कॉपी करायच्या आधी चाळून घ्या. नाहीतर रात्री दोन वाजता सॉफ्टवेअर ‘अयशस्वी’ची यादी हातात ठेवतं आणि झोपायला मोकळं होतं.

मराठी कागदांचं दुखणं आणखी खोल आहे. कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी असल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं पत्र पडद्यावर मराठी दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरं साठवलेली असतात. कृतिदेवमधलं ‘काम’ म्हणजे यंत्राच्या लेखी डी, के, ई. नव्या प्रणालीत ‘काम’ शोधलं की ती नम्रपणे सांगते, काही सापडलं नाही. ज्यांची खरोखर गरज पडते ती पत्रं आधी युनिकोडमध्ये, म्हणजे यंत्रालाही मराठी म्हणूनच कळणाऱ्या अक्षरांत, बदलून घ्यावीत, आणि बदलल्यावर कोणीतरी डोळ्यांनी वाचावीत. जोडाक्षरं आणि रफार हमखास घसरतात.

उलट, जे सापडू नये ते मात्र नव्या शोधात पटकन सापडतं. जुन्या ड्राइव्हवर पगाराची शीट सुरक्षित होती, कारण ती ‘टेम्प २’मधल्या ‘जुने’मध्ये होती आणि तिथवर जाण्याइतका वेळ कोणाला नव्हता. परवानगी मात्र ‘एव्हरीवन’! शोध तुम्हाला परवानगी असलेलंच दाखवतो. इथे परवानगी सगळ्यांनाच आहे. म्हणून जुन्या परवानग्या नेऊच नयेत, विभागवार गट करून नव्याने द्याव्यात. वाईटपणा येतो, पण पगाराची चर्चा कँटीनमध्ये होण्यापेक्षा बरा.

एक्सेलच्या लिंकाही तपासा. एमआयएसची, म्हणजे साहेबांना जाणाऱ्या अहवालाची, एक शीट दुसऱ्या पाच शीटमधून आकडे ओढते, आणि सूत्रांमध्ये जुन्या ड्राइव्हचा पत्ता कोरलेला असतो. ड्राइव्ह गेला की आकडे गोठतात. शीट उघडताना ती ‘अपडेट करू का’ विचारते, पण सगळ्यांनी वर्षानुवर्षं ‘नको’ दाबलेलं आहे. त्यामुळे कोणाच्या लक्षातही येत नाही.

आता वेळेचा हिशेब. १०० एमबीपीएसची लाइन पूर्ण मिळाली, तर तासाला ४५ जीबी. म्हणजे २,००० जीबीला साधारण ४५ तास, आणि तेही फक्त कागदावर. फाइली लाखो आणि बारीक असल्या तर वेग बसतो, शिवाय फार घाई केली तर शेअरपॉइंटच समोरून वेग आवळतं. म्हणून मोठी कॉपी दोन-तीन आठवडे आधी, रात्रीच्या रात्री उरकायची. मग फक्त बदललेल्या फाइलींच्या छोट्या फेऱ्या. शेवटी शुक्रवारी संध्याकाळी जुना ड्राइव्ह ‘फक्त वाचा’वर टाकून अखेरची फेरी.

कुठला शुक्रवार, हा खरा प्रश्न. ७ तारखेला टीडीएस भरायचा, ११ला जीएसटीआर-१ आणि २०ला ३बी ही जीएसटीची विवरणपत्रं, महिनाअखेर पगार. मार्च आणि सप्टेंबर ऑडिटचे, मग गणपती, मग दिवाळी. २१ ते २६मधला एखादा शनिवार-रविवार हाताला लागतो, तर रविवारी मध्य आणि हार्बरवर मेगाब्लॉक, आणि टीममधले निम्मे कल्याणचे नाहीतर पनवेलचे. त्यांना शनिवारी रात्री ऑफिसात थांबवा किंवा घरून काम द्या. रविवारी सकाळी निघायला सांगू नका.

सोमवारी पहिला फोन फाइलीसाठी येईल असं वाटतं, पण तो येतो झेरॉक्स मशीनजवळून. स्कॅन केलेला कागद सर्व्हरवरच्या ज्या फोल्डरमध्ये पडायचा, तो पत्ता मशीनच्या पोटात तसाच आहे, आणि फोल्डर आता लिहू देत नाही. यादीत फाइली असतात, मशीन नसतं. टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, रात्रीचा बॅकअपही बहुधा त्याच सर्व्हरवर जात असतो. तोही बघून घ्या, कारण तो बंद पडला तर फोनसुद्धा येत नाही.